पाऊल लहान, नवरा जवळ

अगं, तुझा मेसेज वाचला. मेसेज कसला, निबंधच तो. लिंडी हॉप हा नाच तुम्ही नवरा-बायको मजेत शिकलात, मित्रमंडळींच्या पार्टीत टाळ्याही मिळाल्या, आणि बाल्बोआच्या क्लासला जायला लागल्यापासून घरात नुसती धुसफूस. तो म्हणतो तू ओढतेस, तू म्हणतेस तो ढकलतो, आणि हे ठरेपर्यंत गाणं निम्मं संपलेलं असतं. वर मला विचारतेस, "ताई, इतक्या वेगात माणसं नाचतात तरी कशी?"

नाचतात गं. इकडे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत सत्तरी ओलांडलेली माणसं तुमच्यापेक्षा पळत्या गाण्यांवर नाचताना मी बघते, आणि त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नसतो. तेव्हा वेगाचा बाऊ करू नकोस. माझं म्हणणं वेगळंच आहे आणि ते तुला आवडायचं नाही: तुम्ही दोघं फार एकत्र शिकताय. क्लासमध्ये एकमेकांना सोडा. नाच जोडीचा असला तरी शिकणं ज्याचं त्यानेच करायचं असतं. हेच मी आता घोळवून घोळवून सांगणार आहे. आधी तुझी वेगाची भीती तेवढी घालवते, नाहीतर पुढचं तुझ्या डोक्यात शिरायचं नाही.

हिशेब कर, इंजिनिअर आहेस ना? लिंडीत आठ ठोक्यांत तू दहा पावलं टाकतेस. दोन साधी, मग ते तीनचं झटपट त्रिकूट, परत दोन, परत त्रिकूट. बाल्बोआच्या मूळ चालीत त्याच आठ ठोक्यांत पावलं फक्त सहा. एक-दोनला पाऊल, तीनला थांबायचं, चारला पाऊल. पाच-सहाला पाऊल, सातला थांबायचं, आठला पाऊल. काउंट बेसीचं 'जंपिन अ‍ॅट द वुडसाइड' मिनिटाला साधारण २४० ठोक्यांनी पळतं, म्हणजे तुझे आठ ठोके दोन सेकंदांत संपले. त्या दोन सेकंदांत दहा पावलं कोंबायची की सहा ठेवायची, तूच सांग. त्यात पुन्हा दोन थांबे हक्काचे. तिथे श्वास घे, तेवढ्यासाठीच आहेत ते.

आणि पाऊल लहान हवं. किती लहान? तुझ्या स्वतःच्या तळपायाच्या लांबीहूनही कमी. पाय उचलायचाच नाही जवळजवळ, जमिनीला धरून सरकवायचा. गुडघे सैल, खांदे शांत. लांबून बघणाऱ्याला वाटावं की ही दोघं उभीच आहेत आणि खाली पाय कुणा तिसऱ्याचे चाललेत. तुम्ही अजून लिंडीची ऐसपैस पावलं टाकत असणार, म्हणूनच धाप लागते. दुसरं म्हणजे, प्रत्येक ठोका मोजत बसू नकोस. ड्रमवाल्याच्या हाय-हॅटची झांज ऐक, ती दोनला आणि चारला वाजते. तेवढीच धर. लय एकदम निम्मी वाटायला लागते, आणि पाय आपोआप मधल्या जागा भरतात.

हा नाच असा आखडलेला का, ते कळलं की पावलं लहान करायला जीव जड होत नाही. माझ्या घरापासून न्यूपोर्ट बीच फार लांब नाही. तिथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बंदराचं शांत पाणी, आणि मधे बाल्बोआ पेनिन्सुला ही जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथलं १९०६ सालचं पॅव्हिलियन अजून उभं आहे. गेल्या खेपेला आलात तेव्हा त्याच्यासमोर तुम्ही फोटो काढलेत. १९२८ मध्ये त्याच पट्टीवर राँदेव्हू नावाचं भलं मोठं बॉलरूम उघडलं. ते १९३५ मध्ये जळालं, लगेच पुन्हा बांधलं, आणि १९६६ मध्ये पुन्हा जळालं ते कायमचंच. आता तिथे लोकांची घरं आहेत. त्या काळी सुट्ट्या लागल्या की दक्षिण कॅलिफोर्नियातली कॉलेजची पोरं तिथे लोटायची. असल्या खच्चून भरलेल्या हॉलांत चार्ल्स्टन नाचासारख्या लाथा झाडायला जागा कुठली! काही ठिकाणी म्हणे तशी मनाईच होती. मग जोड्या एकमेकांना बिलगल्या, पाय खाली खाली गेले, आणि वीतभर जागेत नाचता येईल असं काहीतरी तयार झालं. पुढे ऑगस्ट १९३५ मध्ये बेनी गुडमन आपला बँड घेऊन लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये वाजवून गेला आणि इथली तरुण पोरं स्विंगसाठी वेडी झाली. गाणी पळायला लागली, पण जागा तेवढीच राहिली.

तुझी लिंडी मात्र तिकडची, न्यूयॉर्कच्या हार्लेममधली. १९२६ मध्ये उघडलेलं सॅवॉय बॉलरूम, तिथे नाचणारे फ्रँकी मॅनिंग, नॉर्मा मिलर, हवेत उडवलेल्या जोडीदारणी, सगळा मोकळाढाकळा कारभार. हे जाझ, हे स्विंग, हे मुळात काळ्या माणसांचं देणं आहे. बाल्बोआ नाचणारी पोरं मुख्यतः गोरी होती, पण तीही त्याच संगीतावर नाचत होती. तुमच्या क्लासमध्ये कुणी हे सांगणार नाही, म्हणून मी सांगते. नाचताना कुणाच्या घरी जेवतोय ते ठाऊक असावं.

आता खरी गोष्ट. धरायचं कसं, आणि तुमचं कुठे बिनसतंय.

लिंडीत तुम्ही दोघं एकमेकांपासून लांब रेलता आणि हातांनी तोल सांभाळता. अगदी फुगडीसारखं. फुगडीत मागे रेललं नाही तर फिरताच येत नाही, आठवतंय ना? बाल्बोआत नेमकं उलट. वजन चवड्यांवर, किंचित पुढे, आणि दोघांच्या छातीचा वरचा भाग एकमेकांना लागलेला. पोटापासून खाली मोकळं. पाय नाकासमोर नाहीत, जरासे बाजूला, म्हणजे गुडघ्यावर गुडघा आदळत नाही. त्याचा उजवा हात तुझ्या पाठीवर, तुझा डावा त्याच्या खांद्यावरून. पण खबर या हातांतून येत नाही, छातीतून येते. तो स्वतः सरकला की तू सरकतेस, एवढंच. तू लिहिलंयस त्यावरून मला दिसतंय ते असं की तो हातांनी नाचवतोय आणि तू अंदाजाने नाचतेयस. म्हणून त्याला तू ओढल्यासारखी वाटतेस आणि तुला तो ढकलल्यासारखा.

आणि अंदाज का लावतेस? नवरा आहे म्हणून! त्याचा चहा कधी निवेल, आईचा फोन आला की तो काय बोलेल, सगळं तुला आधी ठाऊक असतं. तसंच उजवीकडे वळणार हेही तुला ठाऊक असतं, म्हणून तू त्याच्या आधीच वळून मोकळी. मिनिटाला १३० ठोक्यांच्या गाण्यात हे खपून जातं, तो अर्ध्या ठोक्यात स्वतःला सावरून घेतो. २२० ला सावरायला वेळच नसतो. त्याचंही तसंच. त्याने खूण अर्धवट दिली तरी तू निभावून नेतेस, त्यामुळे आपली खूण अर्धवट आहे हे त्याला कळतच नाही. मग क्लासमध्ये दुसरी बाई समोर आली की ती जागची हलत नाही, आणि साहेब म्हणतात तिला येत नाही.

म्हणून म्हणते, शिक्षक "जोडीदार बदला" म्हणाले की बदला. "आम्ही नवरा-बायको आहोत, आम्ही एकत्रच" असं सांगून कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या जोड्या मी पाहिल्यात. वर्षभराने त्यांचा नाच तिथेच असतो आणि भांडण तेवढं पुढे गेलेलं असतं. परक्याचा अंदाज लावता येत नाही, म्हणून तू थांबतेस, ऐकतेस, मग हलतेस. परकी बाई निभावून नेत नाही, म्हणून त्याला खूण स्पष्ट करावी लागते. हे शिकून दोघं परत एकमेकांकडे या.

हो, हो, कळलं मला तू काय म्हणणार ते. परक्या पुरुषाच्या छातीला छाती लावून नाचायचं? अगं, संकोच वाटतो, आणि वाटणारच. आपण वाढलो त्या घरात आई-बाबा लग्नाच्या फोटोसाठीसुद्धा वीतभर अंतर ठेवून उभे राहिलेत. त्यावर मी तुला धीट हो वगैरे सांगणार नाही. दोन गोष्टी लक्षात ठेव. पहिली, जवळ किती यायचं हे तू ठरवायचंस, शिक्षकाने नाही आणि समोरच्याने तर नाहीच. "मला जरा मोकळं धरायला आवडेल" एवढं वाक्य पुरतं, कारण द्यावं लागत नाही. तळहाताच्या रुंदीचं अंतर ठेवूनही मूळ चाल नीट शिकता येते. दुसरी, कुणाचा हात पाठीवरून खाली घसरला, कुणी दाबून धरलं, तर गाण्याच्या मधेच "थँक यू" म्हणून बाजूला व्हायचं आणि शिक्षकाच्या कानावर घालायचं. सभ्यपणा म्हणून गाणं संपेपर्यंत सोसत बसू नकोस. आणि जिथे शिक्षकच असल्या तक्रारी हसण्यावारी नेतात, तो क्लास सोडायचा, फी गेली तरी.

नवऱ्याच्या पोटात दुखणार असेल, तू दुसऱ्याबरोबर छान नाचलीस म्हणून, तर ते आधीच बोलून घ्या. नवरे हे कबूल करत नाहीत, फक्त "तो माणूस जरा आगाऊच वाटला" म्हणतात. त्याला सांग, चार चांगल्या लोकांबरोबर नाचून आले तर त्यातलं अर्धं तुझ्याच वाट्याला येणार आहे. आणि त्याला थोडं फॉलो करायलाही शिकू दे, तू थोडं लीड शीक. लीड म्हणजे नवरा आणि फॉलो म्हणजे बायको, हे आपण उगाच धरून बसलोय. आपल्या पाठीवर ठेवलेला हात किती जड वाटतो, हे त्याला एकदाच कळलं की तुझी निम्मी कटकट संपेल.

आई-बाबा उन्हाळ्यात येणार, त्यांनी हे बघितलं तर काय, असंही तू विचारलंयस. आईची काळजी करू नकोस. ती म्हणेल, "हे तर भगवानदादाच." आणि फार चुकीचंही म्हणणार नाही. भगवानदादांचा 'अलबेला' १९५१ चा. त्याचं संगीत आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं, आणि त्यांच्याकडे ट्रंपेट वाजवायला गोव्याचे चिक चॉकलेट, जे त्या सिनेमात बँडसकट दिसतातही. मुंबईच्या हॉटेलांत स्विंग वाजवणारी हीच मंडळी दिवसा स्टुडिओत जायची. बाबांना ती गाणी लावून दे, आणि मग त्यांच्यासमोर स्वयंपाकघरात नाचा. बाबा पायाने ठेका धरतील, बघच तू.

आता बारीकसारीक, पण महत्त्वाचं. मंगळसूत्र लांब असेल तर घरी ठेव किंवा मागे पाठीवर टाक. छातीला छाती लागल्यावर त्या वाट्या दोघांनाही रुततात, आणि समोरच्याच्या शर्टाच्या बटणात अडकल्या तर भर गाण्यात सोडवत बसावं लागतं. बांगड्या नकोत, लांब लोंबते कानातले नकोत. वेणी असेल तर अंबाडा घाल, कारण जलद वळताना वेणीचा फटका शेजारच्या जोडीला बसतो. रबरी तळव्याचे बूट अजिबात नकोत. तळवा जमिनीला चिकटतो, वरून तू वळतेस, आणि पीळ गुडघ्याला बसतो. कातडी किंवा स्वेडच्या तळव्याचे घ्या, टाच बुटकी. त्याच्यासाठी पिशवीत दोन जादा शर्ट आणि एक टॉवेल, हे तू भरायचं नाहीस, त्याने भरायचं. आणि क्लासच्या दिवशी लसणाची चटणी, कांदा-लसूण मसाला दोघांनाही बंद. या नाचात माणूस नाकाच्या टप्प्यात असतो बाई.

घरचा सराव. तिथेच तुमची सगळी भांडणं होतात, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळतं. पंधरा मिनिटं पुरे, जेवणाआधी, आणि गालिच्यावर नाही, स्वयंपाकघरातल्या फरशीवर. पहिलं गाणं ज्याचं त्याने एकट्याने नाचायचं. एकमेकांकडे पाठ करा हवं तर. स्वतःची सहा पावलं स्वतःला सापडली पाहिजेत, ती दुसऱ्याच्या खांद्यावर टेकून सापडत नाहीत. मग एक गाणं हात खाली सोडून, फक्त छातीचा वरचा भाग लागलेला, नुसतं चालायचं. पुढे, मागे, थोडं वळत. हातच नाहीत म्हटल्यावर तो ढकलणार कशाने! हसाल, एकमेकांच्या पायावर पाय द्याल, पण खबर कुठून येते ते या एका खेळात कळतं. त्यानंतर हात लावा आणि नेहमीसारखं नाचा. सुरुवात १५० च्या आसपासच्या गाण्यांनी, ती अंगवळणी पडली की १८०, मग २०० च्या वर. घाईने २४० ला उडी मारू नका. वेगात पावलांतली चूक झाकली जाते, म्हणून लोकांना वेगातच सराव करायला आवडतो.

आणि गाणं चालू असताना तोंड बंद. "असं नाही, तसं" हे शब्द घरात बंदच करून टाक. दुखलं तर ताबडतोब सांगायचं, बाकी काही असेल ते गाणं संपल्यावर, आणि तेही स्वतःबद्दल. "तू उशीर करतोस" म्हणू नकोस. "मला तिसऱ्या ठोक्याला तू कुठे आहेस ते कळत नाहीये" असं म्हण. यात त्याला उत्तर शोधायला जागा मिळते. शिकवायचं काम शिक्षकांना करू दे, त्यासाठीच पैसे भरताय तुम्ही. तुझे भाऊजी आणि मी आजही हाच नियम पाळतो, आणि तो मोडला की त्या रात्री भांडी कुणी घासायची हे ठरलेलं आहे.

व्हिडिओ बघा, पण नक्कल करायला नको. १९८० च्या दशकात इथल्या तरुण नाचणाऱ्यांनी मॅक्सी डॉर्फसारख्या जुन्या मंडळींना गाठून हा नाच त्यांच्याकडून पुन्हा शिकून घेतला, आणि त्या जुन्यांत कुणाही दोघांचं पाऊल एकसारखं नसायचं. कुणी तिसऱ्या ठोक्याला पाय हवेत ठेवायचा, कुणी जमिनीला टेकवायचा. चाळीसच्या दशकात नाणं टाकून यंत्रात बघायच्या छोट्या गाण्याच्या फिल्मा निघायच्या, साउंडी म्हणायचे त्यांना. त्यातली एक आहे 'महाराजा' नावाची. नाव आणि वेशभूषा बघून तू कपाळावर हात मारशील, आपल्याकडचा महाराजा असला कधी नव्हता. पण आत नाचणाऱ्या जोड्यांचे पाय बघ. तो बाल-स्विंग, म्हणजे बिलगलेली जोडी मधेच सुटते, फिरते, आणि परत जागेवर येते. ते पुढच्या वर्षी. आत्ता त्यांच्या घोट्यांकडे बघ, हातांकडे नको.

पहिल्यांदा बाहेर नाचायला जाल तेव्हा रात्रीचा मोठा कार्यक्रम निवडू नका. तुमच्याकडे रविवारी सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट पार्कमध्ये 'लिंडी इन द पार्क' असतं, उघड्यावर, फुकट, आणि कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही. आधी दोन-तीन गाणी नुसती ऐका. पळतं गाणं लागलं की कडेला नाचा, मधोमध नको, आणि तुमच्या चार फरशांच्या बाहेर जाऊ नका. दमलात तर निम्म्यात थांबा, त्यात काही लाज नाही. तिथेही एक गाणं एकमेकांबरोबर, मग दुसऱ्यांबरोबर, मग वाटलं तर परत.

आणि येताना गाडीत नाचाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. नाचणाऱ्या नवरा-बायकोंची सगळ्यात वाईट भांडणं फ्रीवेवर होतात, कारण दोघं थकलेले असतात आणि उठून जायला जागा नसते. गाणी लावा, खायचं काय ते ठरवा. घरी पोचलीस, आंघोळ झाली, की मला फोन कर. पण स्पीकरवर ठेवू नकोस. त्याच्या नाचाबद्दल मला काय वाटतं ते मी तुला एकटीलाच सांगणार आहे, आणि तुझ्याबद्दल काय वाटतं ते त्याला.